फायरमनच्या फायलीतला नमुना 2

2023 च्या डिसेंबरात, गळीत हंगाम ऐन भरात असताना, आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलरवरचा एक कायम फायरमन रात्रपाळी संपवून घरी गेला आणि दुपारी झोपेतच हृदयविकाराने वारला. आस्थापना विभागात भविष्य निर्वाह निधीचे, कामगारांच्या भाषेत फंडाचे, काम माझ्याकडे आहे. तेरावे झाल्यावर दोन दिवसांनी त्याची पत्नी, आई आणि धाकटा भाऊ असे तिघे माझ्या टेबलापुढे येऊन बसले. वहिनींच्या मांडीवर किराणा दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात घरातले होते नव्हते ते सगळे कागद कोंबलेले होते.

"साहेब, त्यांचा राहिलेला पगार तेवढा मिळंल का?" त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न एवढाच होता.

मृत्यू कामावर झाला नाही, घरी झाला, म्हणून आता कारखान्याकडे मागण्यासारखे काही उरले नाही, अशी त्यांची समजूत गावातल्या कुणीतरी करून दिली होती. दुसऱ्या एकाने फंडाचे पैसे काढून देण्यासाठी रकमेत टक्केवारी मागितली होती. मी त्यांना सावकाश सांगितले की, नोकरीत असताना मृत्यू झाला एवढे पुरेसे असते, तो कोठे झाला याचा येथे संबंध येत नाही. आणि मिळायचे ते एक नसून तीन आहे. पहिले म्हणजे खात्यात साठलेली निधीची रक्कम, दुसरे म्हणजे 1995 च्या योजनेनुसार दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन आणि तिसरे म्हणजे 1976 च्या ठेव संलग्न विमा योजनेची रक्कम, जी 2021 पासून जास्तीत जास्त सात लाख रुपये आहे. यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीची त्यांना कल्पना होती. त्यात मला नवल वाटले नाही, कारण पगाराच्या चिठ्ठीवर कामगाराला त्याची स्वतःची बारा टक्के कपात दिसते; पेन्शनसाठीचे 8.33 टक्के मालकाच्या हिश्श्यातून जातात आणि विम्याची अर्धा टक्का वर्गणीही मालकच भरतो, त्यामुळे जे स्वतःच्या पगारातून कापले जात नाही ते आपले आहे हे घरी कुणी सांगतच नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते. येथे तर अठरा वर्षांची नोकरी होती.

मग मी त्याची फाइल काढली आणि माझ्याच पोटात गोळा आला. फायलीत नमुना 2 होता, नामनिर्देशनाचा, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला द्यायचे ते लिहून देण्याचा, पण तो 2005 साली नोकरीला लागताना भरलेला. भाग 'अ' मध्ये निळ्या शाईने आईचे नाव, नात्याच्या रकान्यात 'आई' आणि पुढे '100 टक्के'. पेन्शनसाठी कुटुंबाची माहिती द्यायच्या भाग 'ब' वर एक तिरपी रेघ आणि तिच्यावर 'अविवाहित' असा शब्द. त्याचे लग्न 2009 साली झाले, त्या लग्नाला मी स्वतः जेवून आलो होतो, आणि तरीही त्यानंतरच्या चौदा वर्षांत हा कागद बदलून घ्यावा असे मला एकदाही सुचले नाही. ती चूक माझ्या खात्याची होती, त्याची नव्हे.

धाकट्या भावाने तो कागद वाचला आणि वाईट हेतूने नव्हे, पण ठामपणे म्हणाला, "वारस आईच लिहिलीय, मग सगळं आईच्याच नावावर होणार ना?" वहिनी खाली मान घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. निधी योजनेच्या परिच्छेद 61 मध्ये याचे उत्तर आहे आणि ते त्यांना कसे समजावून सांगावे याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तोच म्हातारी बोलली.

"आरं, तवा त्याचं लगीन कुठं झालं हुतं?"

नियम नेमका हाच आहे. सभासदाला कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन त्याला कुटुंब होताच आपोआप रद्द ठरते. तसे झाले आणि नवे नामनिर्देशन केलेले नसले, की निधीची रक्कम कुटुंबातील पात्र व्यक्तींना सारख्या भागांत मिळते. येथे पत्नी, दोन अल्पवयीन मुले आणि त्याच्यावरच अवलंबून असलेली आई असे चार भाग झाले आणि विम्याच्या रकमेचेही तसेच. पेन्शन मात्र पत्नीचीच, आणि तिच्या पेन्शनच्या प्रत्येकी पंचवीस टक्के दोन मुलांना, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. हे ऐकून भाऊ काही बोलला नाही. म्हातारीने दाव्याच्या अर्जावर अंगठा उठवला आणि शाईचे बोट पदराच्या टोकाला पुसले.

खरी गाठ नंतर पडली. मुलांच्या वयाचे पुरावे जोडताना माझ्या लक्षात आले की मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव आधार कार्डावरच्यासारखेच आहे, पण थोरल्या मुलीच्या दाखल्यावर भलतेच. मी विचारले तेव्हा वहिनी पहिल्यांदा मान वर करून बोलल्या. पहिले बाळंतपण माहेरी झाले होते; तिथल्या ग्रामपंचायतीत त्यांच्या वडिलांनी नोंद करताना लेकीचे माहेरचे नाव सांगितले होते, आणि लग्नात अंगठीने तांदळात लिहिलेले नाव सासरच्या सगळ्या कागदांवर चढले होते. कागदांच्या हिशेबाने त्या दोन मुलांना दोन वेगवेगळ्या आया होत्या, आणि दावा तसाच पाठवला असता तर मुलीच्या पेन्शनपाशी अडला असता.

त्या दिवशी मी बाकीची कामे बाजूला ठेवली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, माहेरच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, असे कागद एकावर एक लावून नावांची साखळी जुळवायची ठरवली आणि कोठून काय आणायचे ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. भावाने तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढचे पंधरा दिवस मोटारसायकलवरून वहिनींना तालुक्याला आणि माहेरच्या गावाला नेण्या-आणण्याचे काम त्यानेच केले, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

विम्याचे पूर्ण सात लाख मंजूर झाले. पेन्शन दरमहा तीन हजारांच्या आतच बसली, कारण हिशेबाला प्रत्यक्ष पगार नव्हे, तर योजनेची वेतनमर्यादा धरली जाते, जी 2014 च्या ऑगस्टअखेरपर्यंत साडेसहा हजार होती आणि त्यानंतर पंधरा हजार. अठरा वर्षे बॉयलरच्या धगीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरासाठी ही रक्कम मला फार थोडी वाटते, आणि तरीही ती दर महिन्याला येते म्हणून मुलीची शाळा सुटली नाही.

हंगाम संपल्यावर मी बॉयलर विभागापासून सुरुवात करून प्रत्येकाचे नामनिर्देशन तपासायला घेतले. पहिल्याच दिवशी नऊ जणांच्या फायलीत लग्नाआधीचे, आईच्या किंवा वडिलांच्या नावाचे नमुने निघाले. त्यांना ऑनलाइन ई-नामनिर्देशन भरायला बसवले, तेव्हा एकाने बायकोचा आधार क्रमांक विचारायला घरी फोन लावला आणि मध्येच फोन बाजूला धरून मला विचारले, "साहेब, नाव कुठलं टाकू, माहेरचं का सासरचं?"