कोसिगिन, खोकं 2: लादोगाचं बर्फ एकदाचं जमलं

मंडळी, तीन महिन्यांनी लिहितोय. पुढे सोव्हिएत पंतप्रधान झालेल्या अलेक्सेई कोसिगिनच्या आयुष्यातले प्रसंग मी छोट्या प्रतिकृतींतून एकेका खोक्यात मांडतोय. काल रात्री साडेअकराला खोकं 2 मधलं, रेझिनचं लादोगा सरोवराचं बर्फ जमलं. मात्र ते जानेवारीचं नाही, एप्रिलचं आहे.

आधी खोकं 1. लेनिनग्राडची सूतगिरणी पूर्ण झाली. मागच्या वेळी फोटो टाकले तेव्हा मावसकाकांनी चात्या फार विरळ असल्याचं सांगितलं होतं. परळच्या गिरणीत त्यांची 28 वर्षं गेलीत, त्यामुळे सगळ्या उपटल्या आणि पितळी तारेच्या नव्या लावल्या. परवा ते आले, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले, "आता बॉबिनं भरलेली दिसू देत." दोन रात्री बसून प्रत्येक बॉबिनवर शिवणाचा दोरा गुंडाळला. मुकादमाच्या टेबलाशी उभा आहे तो अलेक्सेई कोसिगिन. 1935 ला कापड संस्थेतून शिकून बाहेर पडला, 1937 ला गिरणीचा संचालक झाला आणि 1939 च्या जानेवारीत अख्ख्या सोव्हिएत देशाच्या कापड उद्योगाचा कॉमिसार, म्हणजे मंत्री. स्टालिनच्या अटकसत्रांनी वरच्या खुर्च्या रिकाम्या केल्या होत्या, म्हणून ही चढण इतकी सरळ दिसते. भिंतीलगत दोन रिकाम्या खुर्च्या ठेवल्यात, त्या त्यासाठीच.

आता बर्फ. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडला शेजारच्या गोठलेल्या लादोगावरून रसद जायची. जानेवारी 1942 मध्ये कोसिगिनला तिथे पाठवलं ते मुख्यतः माणसं बाहेर काढायला, आणि जुलैपर्यंत तो तिथेच होता. 22 जानेवारी ते 15 एप्रिल या काळात बर्फावरून साडेपाच लाखांवर लोक बाहेर आले. पुढे सोळा वर्षं जो माणूस सरकारचा प्रमुख राहिला, त्याची खरी परीक्षा मला इथे दिसते. म्हणून हे खोकं सगळ्यांत मोठं आहे, आणि मिनीआर्ट कंपनीचं गाझ-एए या सोव्हिएत ट्रकचं किट यासाठीच जपून ठेवलं होतं. किट अप्रतिम आहे. चॅसीची जोडणी किचकट असली तरी एकही भाग घासून बसवावा लागला नाही.

बर्फासाठी रेझिनचा पहिला ओत वैशाखात केला. तळाच्या थर्माकोलला सील मारलं नव्हतं, त्यामुळे रात्रभर हवा वर येत राहिली आणि सकाळी सोडावॉटरसारखे बुडबुडे. दुसऱ्या वेळी फेविकॉलचे दोन हात दिले, पण 12 मिमी एकदम ओतलं. मधोमध तापून पिवळं पडलं आणि आडवी चीर गेली. तिसऱ्या वेळी 2 मिमीचे थर घेतले, तरी मधे चिरलं आणि कडा पिवळ्या पडल्या. तोवर डोंबिवलीत पाऊस सुरू झाला होता. वर पांढुरकी, चिकट साय धरली. कोमट पाण्याने पुसली, घासली, तरी आतला धुरकटपणा गेला नाही. ज्या दुकानातून रेझिन आणलं त्यांनी "पावसात चालतं" असं छातीठोक सांगितलं होतं. पावसाळ्यात ओतायचंच असेल तर थर्माकोलच्या पेटीत 40 वॅटचा पिवळा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. हार्डनर वजनकाट्यावर मोजा, झाकणाने मोजू नका.

तो तिसरा तुकडा टाकून द्यायला उचलला आणि खिडकीशी धरला. धुरकट, मधे चिरलेला, कडेला पिवळसर. फोटोंच्या फाइलमधलं एप्रिल 1942 चं चित्र तसंच होतं! ट्रक चाललेत, चाकं पाण्यात आहेत, कारण वरचं बर्फ वितळून त्याचं तळं झालंय आणि खाली अजून टणक थर आहे. कोसिगिन एप्रिलमध्येही तिथेच होता. मग जानेवारी कशाला धरून बसायचं?

चिरा तशाच ठेवल्या. त्यांत पांढरं ऑइल पेंट पातळ करून सोडलं, वर टायरच्या दोन खोल चाकोऱ्या ड्रेमेलने (विजेवर फिरणाऱ्या छोट्या कोरणीने) कोरल्या आणि शेवटी पेटीत, बल्बखाली, जेमतेम 1 मिमी स्वच्छ रेझिन ओतलं. मागच्या चाकांमागे टूथपिकने दोन लाटा ओढल्या. रात्री टॉर्च तिरपा धरला तर चिरा पाण्याखाली दिसतात. ट्रकचं दार उघडं आहे. बर्फ फुटलं तर उडी मारता यावी म्हणून चालक दार उघडं ठेवून गाडी चालवत.

थंडीच्या टोपीतला कोसिगिन रंगवून तयार होता, तो काढून घेतला. मागच्या उघड्या हौद्यात गोधड्या गुंडाळलेली अकरा माणसं बसवतोय. काठावर पाइपांची चळत ठेवायची फार इच्छा होती, पण सरोवराच्या तळातून पेट्रोलची नळी टाकायचं काम मे मध्ये सुरू झालं आणि जूनमध्ये पेट्रोल वाहू लागलं. एप्रिलच्या दृश्यात ते खोटं ठरेल.

हे लिहिता लिहिता खोकं 5 बदलतंय. ताश्कंदच्या भारत-पाक कराराचं सह्यांचं टेबल आखून ठेवलं होतं: 10 जानेवारी 1966, शास्त्रीजी, पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान, मधे कोसिगिन, आणि मागे आपले यशवंतराव, तेव्हाचे संरक्षणमंत्री. पण त्याच रात्री शास्त्रीजी गेले, आणि विमानतळावर कोसिगिन आणि अयुब खान दोघांनी त्यांना खांदा दिला. आठवडाभर दोन्ही बाजूंना टेबलाशी आणणाऱ्या माणसाच्या खांद्यावर शवपेटी! टेबल रद्द. 1:35 मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शात) शवपेटीचं वजन खांद्यावर दाखवायचं तर एक खांदा खाली, मान किंचित कलती, आणि ओव्हरकोटाला तिथेच चुणी पडायला हवी. तयार आकृत्यांमध्ये अशी मिळणार नाही, इपॉक्सी पुटीनेच कोट घडवावा लागेल. ताश्कंदच्या त्या सकाळचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो कुणाकडे असतील तर पाठवा, विशेषतः पाठीमागून घेतलेले. कोटाची पाठ मला कुठेच नीट दिसलेली नाही.

रविवारी हौद्यातली माणसं चिकटवतो.