कट्टा ॲप, नोंद चौथी: ‘कोणी पाहिलं’ काढून टाकलं

मागच्या नोंदीला सात आठवडे झाले. या काळात जोडण्यापेक्षा काढण्याचंच काम जास्त झालं. त्यातली एक गोष्ट काढायला मी फार उशीर केला, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: आम्ही नऊ जण ठाण्याच्या नौपाड्यातल्या शाळेपासूनचे. भेटायची जागा कायम एकच, तलावपाळीचा कट्टा. आता दोघं घोडबंदर रोडला, एक जण खारघरला, एक पुण्यात, एक जर्मनीत. नौपाड्यात उरलो चौघं. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहेच, पण सणाच्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड यांच्या खाली कुणाच्या घरची खरी बातमी दबून जाते. म्हणून या नऊ जणांपुरतं ॲप, फ्लटर (ॲप बांधायची साधनं) आणि फायरस्टोअर (गूगलचा ऑनलाइन डेटाबेस) वापरून, शनिवार-रविवारी.

माणसांची मर्यादा मी पंधरा ठेवली आहे. पाथ नावाचं ॲप २०१० मध्ये पन्नास मित्रांच्या मर्यादेने सुरू झालं, पुढे ती १५० केली, २०१८ मध्ये ते बंद पडलं. माणूस साधारण १५० जणांशीच नातं टिकवू शकतो, हा मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबरचा आकडा सगळे सांगतात, पण त्याच्याच मांडणीतले आतले थर, ५ आणि १५, मला जास्त जवळचे वाटतात. अडीअडचणीला ज्यांना फोन करतो ती माणसं तिथेच असतात.

आता मूळ गोष्ट. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक फोटोखाली ‘कोणी पाहिलं’ अशी नावं दिसत. आमच्यातल्या एकीने नव्या घराचे फोटो टाकले. आठही नावं खाली उमटली, सात जण भरभरून बोलले आणि एक जण गप्प. तिला ते लागलं. महिनाभर ती त्याच्याशी तुटक वागत होती. नंतर कळलं की त्या रात्री तो वडिलांजवळ हॉस्पिटलमध्ये होता. जरा बरं वाटावं म्हणून आमचे फोटो बघत बसायचा. लिहायला शब्द सुचत नव्हते. त्याला धीर देणारी गोष्टच माझ्या त्या यादीने त्याच्याविरुद्ध पुरावा करून ठेवली.

तीनशे ओळखीच्यांत एक जण बोलला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नऊ जणांत गप्प बसणं मोठ्याने ऐकू येतं. मोठ्या ॲपांकडून उचललेली प्रत्येक सोय इतक्या छोट्या जागेत वेगळी वागते, हे मला आधी समजायला हवं होतं.

त्यामुळे यादी गेली, लाइकही गेला. आता फक्त ‘पोचलं’ एवढी खूण दिसते, तीही नावाशिवाय. उत्तर द्यायचं तर लिहून किंवा वीस सेकंदांच्या आवाजात. ऑपस कोडेक (आवाज दाबून लहान करायची पद्धत) २४ केबीपीएसवर ठेवला तर अशी क्लिप साधारण ६० केबी होते, म्हणजे दाबून लहान केलेल्या फोटोपेक्षाही हलकी. पुण्याच्या मित्राने पहिल्याच उत्तरात मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्टीसकट आईचा आवाज पाठवला. तो मी चार वेळा ऐकला.

दुसरं काम ‘मोकळा आहे’ या बटणाचं. दाबलं की तीन तास बाकीच्यांना दिसतं, मग नाहीसं व्हायला हवं. मी फायरस्टोअरच्या टीटीएलवर (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप पुसायची सोय) विसंबले आणि फसले: मुदत संपल्यावर नोंद लगेच पुसली जात नाही, एक दिवसही लागू शकतो. रात्री अकराला कुणीतरी संध्याकाळचा ‘मोकळा’ दिसत होता. आता मुदतीची वेळ क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसकडे नोंदी मागतानाच, तपासते, टीटीएल फक्त झाडलोटीला. वेळा यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) साठवते, नाहीतर जर्मनीवाल्याचं ‘आज संध्याकाळी’ आणि आमचं जुळत नाही.

आणखी एक चूक, ॲप बांधणाऱ्यांच्या उपयोगाची: नव्या नोंदी सतत आणणारी स्ट्रीम मी बिल्ड मेथडमध्ये, म्हणजे स्क्रीन दरवेळी रंगवणाऱ्या कोडमध्ये, तयार करत होते. स्क्रीन पुन्हा रंगली की डेटाबेसला नवी जोडणी (लिसनर), आणि फायरस्टोअरचे दिवसाचे ५०,००० मोफत रीड्स (नोंदी वाचणं) नऊ माणसांत झपाझप खर्च होऊ लागले. ती इनिटस्टेटमध्ये (हा कोड स्क्रीन उघडताना एकदाच चालतो) हलवल्यावर थांबलं.

बटणाचा परिणाम मात्र दिसला. गेल्या गुरुवारी तिघांनी सात वाजायच्या आत ‘मोकळा’ दाबलं आणि साडेसातला आम्ही मासुंदाच्या, म्हणजे तलावपाळीच्या, काठावर होतो. खारघरची मैत्रीण ट्रान्स-हार्बर लोकलने आली. तिथे दोन तास कुणी ॲप उघडलं नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

आता अडलंय ते दहाव्या माणसापाशी. घोडबंदरच्या मित्राला बायकोला आत आणायचंय, आम्हालाही ती हवी आहे. पण जुन्या नोंदी आम्ही नऊ जणांसमोर बोललेल्या आहेत. सध्याचा विचार असा की नव्या माणसाला आल्या दिवसापासूनचंच दिसावं. कोणाला काय वाचता येईल हे ठरवणारे फायरस्टोअरचे नियम स्वतः नोंदी गाळून देत नाहीत; क्वेरी नियमात बसली नाही तर ती अख्खी नाकारली जाते. म्हणून प्रत्येकाची ‘आल्याची तारीख’ क्वेरीत आणि नियमात दोन्हीकडे घालावी लागेल. जुनी एखादी नोंद तिला मुद्दाम दाखवायची असेल तर ते कुणी ठरवायचं, लिहिणाऱ्याने की सगळ्यांनी? मला वाटतं लिहिणाऱ्यानेच. कुणी असं बांधलं असेल तर कसं केलंत ते जरूर सांगा, या शनिवारी त्यावरच बसणार आहे.