"मॅडम, शीर जुळली का?"

दुपारी अडीचच्या सुमाराला तिला ट्रॅक्टरवर बसवूनच आणलं. डाव्या मनगटाला पदराचा तुकडा गच्च आवळलेला. मागे नवरा, पायांना अजून पाचटाचा चुरा चिकटलेला. दोघं बीडकडचे, कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीला आलेले. मोळी बांधायला तिने हात पुढे केला आणि त्याचाच कोयता मनगटाच्या आतल्या बाजूला बसला. "शीर तुटली मॅडम, शीर तुटली," एवढंच तो म्हणत होता.

या एका शब्दापाशी मी नेहमी थांबते. आपल्याकडे रक्त वाहणारी ती शीर, मुंग्या येतात ती शीर आणि बोट ओढणारी पांढरी दोरी तीही शीरच. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र रक्तवाहिनी, चेता आणि स्नायुरज्जू या तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत झाली तर हात कायमचा जातो.

अंगठ्याकडची नाडी लागत होती, म्हणजे तिथली मोठी धमनी शाबूत होती. तर्जनी आणि मधलं बोट वाकेना. कापसाचा बोळा फिरवला तर करंगळीवर कळत होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट गप्प. मनगटाच्या मधोमध जाणारी चेता तुटली होती, हे जखम उघडण्याआधीच समजलं.

हात बधिर केला, दंडाला पट्टा आवळला आणि भिंग लावून बसले. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या चारही ऊती, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचे समूह, चार सेंटिमीटरच्या जखमेत समोर होत्या. वर त्वचेचा अभिस्तर, पेशीला पेशी चिकटवून विणलेला. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, खालच्या थरातून झिरपेल त्यावर तो जगतो. त्याखाली संयोजी ऊतींचं मोठं कुटुंब: पिवळी चरबी, पांढरे स्नायुरज्जू, तळाशी हाड. टेबलावर सांडलेलं रक्तसुद्धा त्याच कुटुंबातलं, कारण तिथेही पेशी सुट्या सुट्या असतात आणि त्यांच्यामधला भरणाच जास्त असतो. कडेला स्नायूचा लाल मांसल काठ, चिमटा लागला की थरथरणारा. आणि चेता.

झाविए बिशा या फ्रेंच वैद्याने 1801 साली शरीरातल्या 21 प्रकारच्या ऊती मांडल्या, त्याही सूक्ष्मदर्शक न वापरता. त्या यंत्रावर त्याचा भरवसा नव्हता. आज चारच मुख्य गट मानतात. पण अशा जखमेत हात घातला की नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी त्याला एवढं कसं ओळखता आलं असेल, याची कल्पना येते.

चेता आणि स्नायुरज्जू दोन्ही पांढुरक्या दोऱ्या. मनगटात त्या शेजारी असतात आणि एकीचं टोक चुकून दुसरीला शिवल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. म्हणून मी घाई करत नाही. स्नायुरज्जू मोत्यासारखा चकाकतो, त्याचं टोक वाखाच्या दोरीसारखं घट्ट पिळाचं असतं. चेता किंचित पिवळसर, अंगावर बारीकशी रक्तवाहिनी, आणि कापल्या तोंडाशी आतल्या तंतूंचे जुडगे फुगून बाहेर आलेले. स्नायुरज्जूंची वरची टोकं जागेवर नव्हतीच. स्नायूचं कामच आकसायचं. दोर तुटला तशी त्याने टोकं वर ओढून घेतली होती. कोपराकडून मनगटाकडे हात दाबत आणला तेव्हा ती एकेक करून खाली आली. दोन बोटांचे चार आणि मनगट वाकवणारा एक, असे पाच स्नायुरज्जू जाड धाग्याने शिवले. चेतेला केसापेक्षा बारीक धागा, तोही फक्त तिच्या वरच्या आवरणातून.

दुसऱ्या दिवशी पट्टीतला हात छातीशी धरून तिने विचारलं, "मॅडम, शीर जुळली का?"

जुळली होती. पण खरी अडचण बाराव्या दिवशी आली. टाके काढले, जखम रेषेसारखी मिटली होती. अभिस्तराचं काम झटपट असतं, टाके घातले की दोन दिवसांत त्याच्या पेशी दोन्ही काठ सांधतात. ती रेष बघून ती उठलीच. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती बसली की कोयताच अर्धा.

तेव्हा मी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, "ताई, वरचं कातडं भरलंय. आतला दोर अजून कच्चा आहे. त्याला रक्त कमी मिळतं, तो सावकाश सांधतो. सहा आठवडे ही पट्टी आणि तीन महिने वजन नाही. आज मोळी उचललीत तर तो तुटेल."

"आन् ही बधिर बोटं?"

"तुटल्या जागेपुढची चेता मरते. वरून नवा तंतू फुटून पुढे सरकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला बोटाचं एक पेर धरा."

ती बोटांकडे बघत राहिली. "ऊस तरी याच्यापरीस बिगीनं वाढतोय."

माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. हाताला काय लागतं ते मी जाणते. उचलीवर तीन महिने कोण थांबणार, हे कुठल्याच औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. शेवटी नवऱ्यानेच ठरवलं. तिला गावी धाडलं आणि धाकट्या भावाला सोबत घेऊन तो उरलेला हंगाम तोडीवर राहिला.

पुढच्या हंगामात ती स्वतःहून आली. दोन्ही बोटं तळव्याला टेकत होती. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा मात्र सपाट झालेला. चेतेचा निरोप थांबला की स्नायू सुकतो, आणि तो आता कुठे पुन्हा धरू लागला होता. डोळे मिटायला सांगून तिच्या अंगठ्यात आणि तर्जनीत एक नाणं दिलं. तिने ते बराच वेळ फिरवून फिरवून चाचपलं.

"पैसा हाय," ती म्हणाली. "पर रुपया का दोन, ते अजून कळंना."