अंगणवाडी कोणत्या गल्लीत?

छत्रपती संभाजीनगरला सिडकोत आमची रो-हाउसची दाट वसाहत आहे. अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरायची. मालकाला खोली रिकामी हवी झाली. बैठकीत जो तो म्हणे, आमच्याच गल्लीत घ्या. एकाला मात्र कुठंच नको होती, दुपारची झोप मोडते म्हणून! मी दहावीला गणित शिकवतो, त्यामुळे सेविकाताईंचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवण्यात आलं.

एका रस्त्याला लागून नऊ गल्ल्या. पहिलीपासून लेकरं अशी: ४, ६, ३, २, ५, १, २, ९, ११. एकूण ४३. "सरासरी काढा सर, भांडण मिटलं." प्रत्येक लेकराच्या गल्लीचा क्रमांक धरून सरासरी आली ५.८, म्हणजे सहावी गल्ली. पण सगळ्यांचं मिळून चालणं कमीत कमी हवं असेल तर मध्यक, म्हणजे गल्लीच्या क्रमानं ओळीत उभं केल्यावर मधोमध येणारं लेकरू, बघावा लागतो. ओळीतलं बाविसावं लेकरू सातव्या गल्लीत येतं. तिथं एकूण अंतर ११४ गल्ल्या, सहावीत ११५. दोन गल्ल्यांच्या मधल्या जागा मी तपासल्याच नाहीत. कारण रस्त्यांच्या जाळ्यात एकूण चालणं सर्वांत कमी होईल अशी जागा एखाद्या चौकात सापडतेच, हे हकिमी या संशोधकांनी १९६४ मध्ये सिद्ध केलंय.

ताईंनी आकडे बघितले अन् म्हणाल्या, "सर, पहिल्या गल्लीतल्या तीन वर्षांच्या लेकरानं सहा गल्ल्या चालायच्या? एप्रिलच्या उन्हात?"

रेशन दुकान असतं तर मी सातवीवरच अडून बसलो असतो. इथं मात्र बेरजेपेक्षा सर्वांत लांबच्या लेकराचं अंतर महत्त्वाचं. त्या हिशोबानं पाचवी गल्ली येते: कुणालाच चारपेक्षा जास्त गल्ल्या नाहीत, आणि एकूण अंतर ११८. म्हणजे ४३ लेकरांत मिळून चारच गल्ल्या वाढल्या. "वीस लेकरं आमची अन् अंगणवाडी पाचवीत?" असं आठवी-नववीवाले बरेच दिवस म्हणत होते. समाजमंदिराच्या फळ्यावर सगळ्या बेरजा मांडल्यावर कुरकुर कमी झाली, थांबली नाही.

पाचवीत दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक वरच्या मजल्यावर, जिना उभा. दुसरी तळमजल्याला, संडास आणि पाण्याची टाकी असलेली. नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात टाकी बघूनच खोली घ्यावी. ती ठरली. पर्यवेक्षिका येऊन बघून गेल्या, भाडेकरार झाला.

शहरात ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी, असा निकष आहे. आमची वस्ती ८०० च्या पुढं गेलीय, म्हणून दुसरीसाठी अर्ज दिलाय. दोन मिळाल्या तर तिसरी आणि आठवी गल्ली: एकूण अंतर ४१, अन् एकाही लेकराला दोनपेक्षा जास्त गल्ल्या नाहीत. हा हिशोब अर्जाला जोडलाय.