आतला उकाडा बाहेर जातो

इयत्ता नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी वर्गातल्या माठावर हात ठेवून विचारले होते, ‘‘ह्यात गारवा कुठनं आला?’’ मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘‘कुंभार गल्लीतनं, सर.’’ वर्गाबरोबर सरही हसले आणि मग म्हणाले, ‘‘गारवा कुठनं येत न्हाई, बाळांनो. आतला उकाडा बाहेर जातोय.’’ पुढे मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फ्रीज दुरुस्तीचे काम शिकलो आणि त्याच व्यवसायात स्थिरावलो; परंतु या धंद्याचे मूळ मला कारखान्यात नव्हे, तर त्या माठापाशी मिळाले, म्हणून या स्मरणिकेत त्याविषयीच लिहितो.

माठाच्या छिद्रांतून पाझरलेले एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जाते, आणि तेवढी उष्णता काढून घेतली तर 58 ग्रॅम पाणी 10 अंशांनी गार होते, हे गणित सरांनी फळ्यावर मांडले होते. एप्रिलमध्ये चोख काम करणारा माठ जुलैच्या पावसात का रुसतो, तेही त्यातच आले: हवेतच बाष्प भरलेले असले की पाण्याला उडायला वाव उरत नाही.

त्याच वर्षी पन्हाळ्याच्या सहलीत सरांनी तीन दरवाजाजवळ स्टोव्हवर आधण ठेवून त्यात तापमापक धरला. पाणी खळखळत होते आणि पारा 97 अंशांच्या आसपास थांबला होता. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी लवकर उकळते. दाब आणखी कमी केला तर ते हाताला गार लागतानाही उकळेल, असे सर म्हणाले तेव्हा आमचा विश्वास बसला नव्हता. फ्रीज चालतो तो नेमका याच तत्त्वावर. बर्फाच्या कप्प्यातल्या नळीत दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे आलेला द्रव तेवढ्या थंडीतही उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आपल्या दुधा-भाजीतून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. दाबलेली वाफ खोलीपेक्षा जास्त तापते, आणि म्हणूनच मागच्या जाळीतून ती उष्णता खोलीत सोडून पुन्हा द्रव होऊ शकते. पुढे केसासारख्या बारीक नळीतून जाताना त्या द्रवाचा दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

नळ्यांतून द्रव आणि वाफ होत फिरणाऱ्या या पदार्थालाच आम्ही गॅस म्हणतो, आणि या फेऱ्यात तो जराही खर्च होत नाही. तरीही दर उन्हाळ्यात ‘‘गॅस संपलाय, भरून टाका,’’ असे म्हणणारे ग्राहक भेटतात. गॅस संपत नसतो, गळत असतो. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणाऱ्या कारागिराला मी कारागीर मानत नाही. पूर्वी वापरला जाणारा आर-12 हा गॅस ओझोनच्या थराला घातक ठरला आणि 1987 च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. आता घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो. तो ज्वालाग्राही आहे, शिवाय कप्प्यातल्या नळीत त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असू शकतो, त्यामुळे तिथे भोक पडले तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. उमेदवारीच्या काळात घट्ट बसलेला बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडताना मी स्वतः एका कप्प्याला भोक पाडले होते, तेव्हापासून बर्फ वितळेपर्यंत वाट पाहायला शिकलो.

सरांनी दिलेले एक उदाहरण मात्र मी आजही ग्राहकांसमोर करतो. कप्प्यात उणे 18 आणि बाहेर 40 अंश असतील, तर उणे 18 चे केल्विनमध्ये होणारे 255 घेऊन त्यांना दोन्हींतल्या फरकाने, म्हणजे 58 ने, भागायचे. उत्तर साधारण 4.4 येते. म्हणजे विजेच्या एका भागात फार तर 4.4 भाग उष्णता बाहेर काढता येईल. ही फ्रेंच अभियंता कार्नोने 1824 मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वातून निघणारी मर्यादा, आणि प्रत्यक्ष यंत्राला त्याच्या निम्मेही मिळणे कठीण. मागची जाळी भिंतीला टेकली की ती अधिक तापते, छेदातले 58 वाढतात आणि उत्तर आणखी घसरते.

परवाच मंगळवार पेठेतल्या एका आजींनी फ्रीज गार होत नाही म्हणून बोलावले होते. जाळी भिंतीला चिकटलेली आणि तिच्यावर पोछे वाळत घातलेले. आत नुकतेच उकळलेले दुधाचे पातेले होते. 80 अंशांवरून 5 अंशांपर्यंत आणायचे असेल, तर तीस अंशांपर्यंतचा दोन तृतीयांश उकाडा ओट्यावरच विनाखर्च निघून जातो, हे मी त्यांना समजावले. फ्रीज वीतभर पुढे ओढला, पोछे काढले आणि चहा घेऊन निघालो. आजींनी विचारले, ‘‘गॅस न्हाई का भरायचा?’’