पहिला प्रश्न उघडाच

घरातले सगळे डीएनएस प्रश्न (‘या नावाचा आकडी पत्ता कोणता?’) गुप्त करून पाठवायची सोय राउटरवर केली. तरी राउटर बंद करून चालू केला की तो सगळ्यात आधी एक नाव विचारतो, आणि तेही उघड्यावर. नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या टीसीपीडम्पमध्ये पोर्ट ५३ वरची, म्हणजे साध्या डीएनएसची, ती एवढीशी ओळ दिसली आणि रुखरुख लागली.

प्रोग्रामच्या बांधणीत काही राहिलेलं नाही. प्रश्न गुप्त करणारी डीएनएसक्रिप्ट-प्रॉक्सी गो भाषेत आहे, त्यामुळे लॅपटॉपवर बसून राउटरच्या मिप्स प्रोसेसरसाठी बांधता येते: सीगो (सी भाषेतला कोड जोडणं) बंद, गोओएस लिनक्स, गोआर्च मिप्स. एमटी७६२१ चिप असेल तर मिप्सएलई, कारण तिथे बाइटचा क्रम उलटा. सीगो बंद असलं की बायनरी स्टॅटिक, म्हणजे स्वयंपूर्ण, होते आणि राउटरवरच्या मसल या सी लायब्ररीशी जुळवाजुळव करावी लागत नाही. खरी मेख ‘गोमिप्स’ या सेटिंगची. तिथे ‘सॉफ्टफ्लोट’ दिलं नाही तर बांधणी बिनतक्रार पार पडते आणि राउटरवर प्रॉक्सी ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ येऊन कोसळते. प्रोसेसरच्या २४केसी गाभ्यात फ्लोटिंग पॉइंटचं (दशांश गणिताचं) युनिट नसतं, आणि त्याची नक्कल करणारा भाग ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवरच्या लिनक्सच्या कर्नलमधून वगळलेला असतो. डीबगची माहिती काढून टाकली तरी फाइल काही एमबींची उरते. ८ एमबी फ्लॅशवर तिचा विचारच नको. यूपीएक्स या साधनानं आवळली तर फ्लॅश वाचते, पण चालताना ती रॅममध्ये पूर्ण उलगडते.

प्रॉक्सी १२७.०.०.१ वर, पोर्ट ५३५३. घरातले प्रश्न घेणाऱ्या डीएनएसमास्कला तेवढाच सर्व्हर, ‘नोरिझॉल्व्ह’ (दुसरे सर्व्हर घेऊ नको) चालू. सगळं जागच्या जागी. तरी ती ओळ आहेच.

राउटरात बॅटरीवरचं घड्याळ नाही. चालू होताना तो ईटीसी फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाइलची तारीख धरून चालतो. वेळ मागे पडली की प्रॉक्सी ज्या सर्व्हरशी बोलते त्याचं नवं सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं आणि नावांची उत्तरं मिळत नाहीत. बरोबर वेळ हवी तर वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता हवा, पत्ता हवा तर आधी बरोबर वेळ हवी. म्हणून डीएनएसमास्कमध्ये पूल.एनटीपी.ऑर्गपुरती सूट द्यावी लागते: हे नाव थेट ९.९.९.९ या बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला विचार. हीच ती ओळ.

इतकं जीव लावून दार बंद करायचं, आणि फट नेमकी मलाच दिसावी. घरात कुणाला सांगणार? वेबसाइटशी गुप्त बोलणं सुरू करणाऱ्या टीएलएसच्या पहिल्या निरोपात तिचं नाव बहुतेकदा उघडं जातं, ते दुखणं तर आणखी वेगळं. आज नको.

पण त्या प्रश्नातून बाहेरच्याला कळतं तरी काय? इथे एक राउटर चालू झाला आणि त्याला किती वाजले ते हवंय. रात्री कोण कुठला आजार शोधतंय, ते त्यात नाही. एवढं चालेल मला. नावाऐवजी आकडी पत्ता लिहिता येतो, पण एनटीपी स्वतःच उघडा असतो, आणि पत्ता बदलला की घड्याळ अडकलंच.

सूट राहू दे, त्या एका नावापुरती. काही घडलं की आपोआप स्क्रिप्ट चालवणाऱ्या हॉटप्लगच्या एनटीपी फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवायची, ‘स्ट्रॅटम’ (वेळ जुळल्याचा इशारा) आला की प्रॉक्सी पुन्हा सुरू करणारी.