मामा, जेवायला कुठे जाऊ?

बुधवार, रात्री अकरा

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मुलीकडची मंडळी रविवारी दुपारी डोंबिवलीहून येणार आहेत. दोघांचं आपसात कधीच जमलंय, आता मोठ्यांनी एकमेकांना बघून घ्यायचं. ताईचे गुडघे दुखतात, आठ माणसांचा स्वयंपाक तिला झेपायचा नाही, म्हणून जेवण बाहेर. "मामा, ठाण्यातलं एखादं चांगलं हॉटेल सांग ना."

घरात कोणालाही बाहेर जेवायचं असलं की फोन मलाच येतो. पण नुसतं 'चांगलं हॉटेल' म्हटलं की मी अडतो. मामलेदारची मिसळ चांगलीच आहे की. पण तहसील कचेरीजवळच्या त्या गर्दीत, मागचा माणूस आपण कधी उठतोय याची वाट बघत उभा आणि आपण नाक पुसतोय, अशा वेळी होणाऱ्या विहीणबाईंशी काय बोलणार? गजाननचा वडापाव चांगला, ती बेसनाची पिवळी चटणी तर मी नुसती चाटून खातो, पण उभ्याउभ्या. कुंजविहारचा वडापाव तर ताई आणि मी अर्धा अर्धा खातो. हे सगळं मी कोणालाही डोळे झाकून सांगेन. रविवारसाठी मात्र यातलं एकही नाही.

डोळे झाकून सांगण्यातही एकदा फसलोय म्हणा. पुण्याच्या मेहुण्यांना मामलेदारला नेलं होतं. तिथे मिसळ तिखट, मध्यम आणि कमी तिखट अशी मिळते. मी ऐटीत म्हटलं, "मध्यम घ्या, काही होत नाही." दोन ग्लास ताक पिऊनही त्यांचे कान लाल होते. आठ वर्षं झाली, प्रत्येक लग्नात ते हा किस्सा सांगतात आणि दर वेळी एक ग्लास ताक वाढतं. तेव्हापासून नवख्या माणसाला मी कमी तिखटच सांगतो. तिथलं मध्यम हे आपल्याकडचं तिखटच.

उलटंही झालंय. गेल्या वर्षी आईच्या पंचाहत्तरीला पोरांच्या आग्रहाने घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात गेलो. नाव लिहीत नाही. मोबाइलवर लोकांनी भरभरून तारे दिले होते, पण बहुतेकांनी दिव्यांबद्दल आणि फोटोंबद्दलच लिहिलं होतं. जेवणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. छापील मेनू नाही, टेबलावर क्यूआर कोड. तो स्कॅन केला तर आईला अक्षरं दिसेनात, म्हणून मीच मोठ्याने वाचायला लागलो, तर गाण्याच्या आवाजात तिला ऐकू येईना. शेवटी ती म्हणाली, "मला आपला दहीभात सांग." मेनूत दहीभात नव्हता.

वर बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. काढा म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणे, सिस्टीममध्ये आपोआप लागतो. आता आपोआप लावायचा नाही, हेच तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईकाने ठरवायचं. पाच टक्के जीएसटी लागतो तो वेगळा, तो सरकारचा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं तेव्हा कुठे मॅनेजर आला आणि बिल नवं निघालं. तोवर आई पायरीवर जाऊन बसली होती. पैसे वाचले, वाढदिवस गेला.

म्हणून आता मी आधी उलटतपासणी घेतो. भाच्याला विचारलं, किती जण? आठ. वयस्कर किती? चार. जिने चालतील का? नाही. मासे खाणारे? "सगळेच, मामा. आणि आखाड आहे, श्रावण लागायच्या आत बाबांना खायचेच आहेत." मुलीचे बाबा की तुझे? दोघांचे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. व्याही-व्याही एका माशावर जुळले की पुढचं सोपं.

मग मालवणी. पण त्यातही जुलै महिना. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे या दिवसांत ताटात आलेली जाडजूड सुरमई बहुतेक वेळा बर्फात झोपून आलेली असते. कोणी 'ताजी आहे' म्हटलं तर हसून सोडून द्यावं. त्यापेक्षा खाडीची कोळंबी, चिंबोऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी मागवावी. नवीन ठिकाणी मी आधी फक्त सोलकढी मागवतो. नारळाचं दूध दाट असेल आणि लसूण नाकाला कळत असेल तर पुढची ऑर्डर. नुसतं गुलाबी पाणी आलं तर बिल देऊन उठायचं. बायकोला याची लाज वाटते, पण सोलकढीत पाणी घालणारा कालवणातही घालणारच, असं माझं मत आहे.

तर स्टेशनपासून जवळचं, तळमजल्यावरचं, बऱ्यापैकी शांत असं एक मालवणी ठिकाण मी पक्कं केलं. साडेबारालाच जा, दीडनंतर आखाडाची गर्दी उसळते, हेही बजावलं. काय मागवायचं त्याची यादीसुद्धा पाठवली.

रात्री जेवताना बायकोला सगळं कौतुकाने सांगितलं. तिने मान वर करून भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं.

"रविवारी संकष्टी आहे."

ताई गेली तीस वर्षं संकष्टी करते. माझी सख्खी बहीण. हे मी विसरलो. चंद्रोदय पावणेदहाला, म्हणजे दुपारी ती सगळ्यांसमोर पाण्याचा ग्लास घेऊन बसणार आणि आम्ही चिंबोऱ्या फोडणार.

भाच्याला परत फोन लावला. म्हटलं, शनिवार बघ. तो मुलीशी बोलला आणि पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला. शनिवार चालेल, पण तिचे बाबा शनिवार पाळतात.

यादी पुसली. उद्या सकाळी घंटाळीला मेतकूटमध्ये विचारून येतो, आठ जणांना एकत्र बसता येईल का. शाकाहारी, मराठी जेवण, थालीपीठ, आणि आवाज चढवून बोलावं लागत नाही. आईलाही घेऊन जावं म्हणतो. मग नऊ जण होतील.